नापास लेस

दोन पांढरे एकमेकांशी जुळतातच असं नाही,
हे आज कळलं, पलंगावर दोन्ही पसरल्यावर.
तिंकारा, तुझा ड्रेस मिठासारखा पांढरा,
बाह्या नाहीत, पाठ नाही,
आणि शिंपिणीला बजावून शिवून घेतलेले दोन खिसे.
पणजीची जाळी मात्र सायीच्या रंगाची,
कापराचा वास, त्याखाली
सफरचंदं ठेवायच्या पेटीचा.

तुझी पणजी येर्त्सा.
तिचा नवरा इद्रियाच्या खाणीत पारा काढायचा.
चाळिशीतच त्याचे हात असे थरथरायला लागले
की सूपचा चमचा तोंडाशी रिकामाच पोचायचा.
हिचे हात उशीवर,
बारा जोड्या लाकडी बॉबिनच्या, टिकटिक, टिकटिक.
घड्याळ विकलं तरी घरात टिकटिक चालूच.

व्यापारी भिंग लावून लेस बघायचा.
चुकलेला तुकडा परत, आणि दोऱ्याचे पैसे कापून.
ते परत आलेले तुकडे तिने
बावीस वर्षं पिठाच्या डब्यामागे साठवले,
मुलीचं लग्न ठरलं तेव्हा एकाला एक जोडले.
तेव्हा पाहुणे काहीही म्हणोत,
ही सगळी नापास लेस आहे.
बघ, इथे वळण उलटं गेलंय.
इथे पान अर्ध्यातच थांबलंय,
कुणीतरी दारातून हाक मारली असेल,
नाहीतर दूध उतू गेलं असेल.

मी ही घातली नाही.
ब्याऐंशी साल, नगरपालिकेची खोली, तपकिरी सूट,
साक्षीला कारखान्यातली द्रागित्सा,
वीस मिनिटांत सगळं उरकलं.
आई बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी.
पिशवीत काय आहे, मी विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही.
परतताना बसमध्ये ती पिशवी
आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती.

आता तू विचारतेस, हा डाग कसला?
उजव्या काठाला, गंजाचा, नखाएवढा.
नेझा शिंपीण म्हणते, लिंबू-मीठ लावू, जाईल.
मी म्हटलं, राहू दे.

तू तीन आठवड्यांची होतीस.
एक्क्याण्णवचा जुलै. नदीवरून डासांचे थवे,
दुकानात मच्छरदाणी नाही,
दुकानात काहीच नाही, रेडिओ सारखा चालू,
देशच टाक्याटाक्याने उसवत होता.
मी न विचारता पेटी उघडली
आणि तुझ्या लोखंडी खाटेवर ही जाळी टाकली.
वळून बघते तर आई दारात.
वाटलं, आता नऊ वर्षांचं सगळं बाहेर पडणार.
ती बघत राहिली.
मग म्हणाली,
"काठ गादीखाली खोच. तिथून शिरतात."

एवढंच.
माझ्या लग्नाबद्दल ती तेवढंच बोलली
असं मी धरून चालले आहे.
तू आत मुठी वळून झोपली होतीस,
तोंडावर अर्ध्या पानाची सावली.

म्हणजे उद्या तू ही पहिल्यांदा घालणार नाहीस.
उगाच घाबरून मान ताठ ठेवू नकोस.
फोटोवाला म्हणेल, रंग जुळत नाही. म्हणू दे.
मला विचारलं होतंस ना, ड्रेस चहात बुडवू का?
नको. मीठ मिठासारखं राहू दे, साय सायीसारखी.

फक्त डावीकडचा तिसरा तुकडा कच्चा आहे,
तिथे पिन टोचू नकोस.
आणि सुई-दोरा जवळ ठेव.
खिसे आहेत ना तुला.